‘कॉपी’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ व उगम

(अभ्यासपाठ)

पुसद हे तालुक्याचे गाव असल्यामुळे आसपासच्या खेड्यांतील व तांड्यांवरील माणसास वर्षातून दोनचार वेळा तेथे जावेच लागते. तहसील कचेरीत शेताच्या सातबाऱ्याची नक्कल काढावयाची असते. ती हाती आली की ‘हिच्या आणखी दोन कॉपी आणा’ असे सांगण्यात येते, म्हणून झेरॉक्सच्या दुकानी जाऊन उभे राहावे लागते. आणि त्याच दिवसांत मुलगा दहावीच्या परीक्षेस बसलेला असला, तर ‘कॉपी करणे हा गुन्हा आहे’ हे वाक्य शाळेच्या फाटकापाशी कानी पडते. एकच शब्द; पण एका दारी तो मागितला जातो, दुसऱ्या दारी विकला जातो आणि तिसऱ्या दारी दंडास पात्र ठरतो.

अशाच एका माउलीने आम्हांस विचारले, “जे कचेरीत मागतात, ते शाळेत पाप कसं हो?” प्रश्न भोळा वाटतो, पण तो भोळा नव्हता. तिच्या मुलास त्या वर्षी परीक्षेच्या खोलीतून उठविण्यात आले होते, आणि घरात पहिल्यानेच कोणी दहावीपर्यंत पोहोचले होते. आमच्या तोंडी पटकन जे उत्तर आले ते असे की, “बाई, ती कॉपी वेगळी आणि ही कॉपी वेगळी.” ती काही न बोलता निघून गेली. मागाहून आमच्या ध्यानात आले की, आम्ही तिला उत्तर दिलेच नव्हते. केवळ शब्द दोनदा उच्चारला होता. वेगळी म्हणजे कशी वेगळी? हे नीट सांगता यावे म्हणून आम्ही ह्या शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहिले. जे सापडले ते वाचकांपुढे, विशेषतः मंडळ्यांत शिकविणाऱ्या बंधुभगिनींपुढे, ठेवीत आहो.

१. मूळ अर्थ : विपुलता

‘कॉपी’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंच भाषेतून आला आणि फ्रेंचांस तो प्राचीन रोमी लोकांच्या लॅटिन भाषेतून मिळाला. लॅटिनमध्ये त्याचे रूप ‘कोपिया’ असे आहे. परंतु ‘कोपिया’ म्हणजे नक्कल नव्हे, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. ‘कोपिया’ म्हणजे विपुलता, रेलचेल, भरलेले कोठार. त्या शब्दाच्या पोटात ‘ऑप्स’ हा दुसरा शब्द आहे. त्याचा अर्थ सामर्थ्य अथवा संपत्ती. फळाफुलांनी व धान्याने ओसंडणारे एक शिंग रोमी लोक आपल्या चित्रांत काढीत. त्याच्या नावातही हाच ‘कोपिया’ आहे. विपुल ह्या अर्थाचा ‘कोपियस’ हा इंग्रजी शब्द आजही वापरात आहे, तो ह्याचाच सख्खा भाऊ होय.

मग विपुलतेचा शब्द नकलेकडे कसा वळला? युरोपात छापण्याची कला येण्यापूर्वी ग्रंथ हातानेच लिहीत. एखाद्या मठात किंवा दरबारात एखादा लेख असे, आणि तो उतरून घ्यावयाचा तर त्याच्या मालकाची परवानगी लागे. अशी मोकळीक देणे, म्हणजे लेख दुसऱ्यांच्या हाती पुरेसा पडेल असे करणे, ह्या अर्थी ‘कोपिया’ हा शब्द योजीत असत. हळूहळू परवानगीचे नाव उतरून घेतलेल्या कागदासच पडले. चौदाव्या शतकात इंग्रजीत ‘कॉपी’ हे नाम व ‘कॉपी करणे’ हे क्रियापद रुळले. दुसऱ्यासारखे वागणे हा अर्थ त्यास आणखी पुढे, सतराव्या शतकात, जडला.

तेव्हा कॉपी करणे ह्याचा मुळातला भाव असा की, जे एकापाशी आहे ते अनेकांपाशी व्हावे आणि तरीही पहिल्याचे काही उणे होऊ नये. ज्वारीचा एक दाणा पेरला म्हणजे कणीसभर दाणे होतात. एका दिव्याने दुसरा दिवा लाविला तर पहिल्याचा उजेड घटत नाही. विद्येची प्रत करणे हे मुळात असेच औदार्याचे काम होते.

झेरॉक्सच्या यंत्राचीही हीच कथा आहे. अमेरिकेतील चेस्टर कार्लसन नावाचा मनुष्य एका कंपनीत पेटंटच्या कागदपत्रांचे काम पाहत असे. कागदांच्या प्रती कधी पुरत नसत, आणि हाताने उतरून काढणे तर त्यास सांधेदुखीमुळे फार जड जाई. प्रयोग करता करता २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, न्यू यॉर्क शहराच्या ॲस्टोरिया भागात, शाईच्या ओलाव्यावाचून विजेच्या गुणाने पहिली प्रत त्याने उठविली. कचेऱ्यांत सहज वापरता येईल असे यंत्र विक्रीस यावयास १९५९ साल उजाडले. ग्रीक भाषेत ‘झेरोस’ म्हणजे कोरडा. त्यावरून ‘झेरॉक्स’ हे नाव आले. आज पुसदच्या शेतकऱ्यास सातबाऱ्याची प्रत क्षणात मिळते, ती ह्या श्रमाच्या पुण्याईने. येथेही हेतू विपुलतेचाच होता.

२. नक्कल : जे न्यावयाचे ते सबंध नेणे

आता आपल्या मराठी शब्दाकडे वळू. ‘नक्कल’ हा शब्द अरबी ‘नक्ल’ ह्यापासून फारसीच्या मार्गाने आपल्या दप्तरांत आला. अरबीत त्याचा अर्थ एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेणे असा आहे. पुसद तालुका १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात घातला गेला. पण गावे तीच राहिली, शिवारे तीच राहिली आणि पूस नदी आपल्या जागी वाहत राहिली. नक्कल अशी असावी. कागद बदलावा, मजकूर तोच राहावा. ह्याच्या जोडीचा ‘अस्सल’ हा शब्दही अरबी ‘अस्ल’, म्हणजे मूळ, ह्यावरून आला आहे. अस्सलाचे ओझे वाटेत न सांडता पोहोचविणे हा नक्कल करणाऱ्याचा धर्म होय.

हे काम दिसते तितके सोपे नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातोहात उतरली जात राहिली. कोणा लेखकाचे अक्षर चुकले, कोणास जुना शब्द न कळल्यामुळे त्याने नवा घातला, कोणी आपलीच ओवी मध्ये बसविली. शेवटी पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, निरनिराळ्या प्रती ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली भर घालू नये असे बजाविले. एकनाथ स्वतः थोर कवी होते. त्यांस ओव्या रचणे अवघड नव्हते. तथापि त्या कामात त्यांनी आपली लेखणी ज्ञानदेवांच्या शब्दांच्या चाकरीस लाविली. कवीने नक्कलकार होण्यात कमीपणा मानला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

इब्री शास्त्रलेखांची प्रत करणारे यहूदी शास्त्री तर ग्रंथातील अक्षरे मोजून ठेवीत आणि ग्रंथाचा मध्य कोठे येतो ह्याची समासात टीप करीत. नवी प्रत मोजणीस उतरली नाही तर कोठेतरी चूक आहे हे कळे. इतकी दक्षता कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास लंडन शहरातील १६३१ सालची गोष्ट सांगावी. तेथील राजाच्या छापखान्यात पवित्र शास्त्राची एक आवृत्ती छापून निघाली. तीत दहा आज्ञांपैकी सातवीतील नकाराचा एवढासा शब्द गळाला, आणि जे करू नये म्हणून देवाने सांगितले तेच करावे असा अर्थ झाला. छापणाऱ्यांस तीनशे पौंड दंड झाला.

आपल्या पुण्याची गोष्ट तर पोरासोरांसही ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चिठ्ठीत ‘धरावे’ असे होते, त्यातील एका अक्षराचा बदल करून ‘मारावे’ केले, असे लोक परंपरेने सांगत आले आहेत. इतिहासाचे अभ्यासक ह्या कथेविषयी शंका घेतात. परंतु ‘ध’चा ‘मा’ करणे ही म्हण मात्र मराठीत कायम राहिली, कारण एका अक्षरावर एक जीव अवलंबून असू शकतो हे लोकांस पटले होते.

हे फार मोठ्यांचे झाले. आपल्या खेड्यातही हेच घडते. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या किंवा विवाहाच्या नोंदवहीतून दाखला उतरून देताना एक वेलांटी चुकली, तर त्या मनुष्याचे नाव शाळेत एक, शिधापत्रिकेवर दुसरे व जमिनीच्या कागदावर तिसरे होते आणि तो वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवितो. आणखी एक गोष्ट पाहा. आपल्याकडील कित्येक वडीलधाऱ्यांची जन्मतारीख १ जून अशी असते. ते सारे त्याच दिवशी जन्मले काय? तसे नव्हे. शाळा जूनमध्ये भरत, आईबापांस तारीख सांगता येत नसे, आणि गुरुजी नाव घालताना अंदाजाने १ जून लिहीत. पुढे तीच तारीख प्रत्येक दाखल्यावर अगदी बिनचूक उतरत गेली. येथे नक्कल खरी आहे, पण अस्सलच खोटे आहे. म्हणून उतरविणाऱ्याने प्रथम हे पाहावे की, आपण जे उतरवीत आहो ते मुळात उतरविण्याच्या योग्यतेचे आहे की नाही. नक्कल कितीही सुबक असली तरी ती अस्सलापेक्षा चांगली होत नसते.

३. वऱ्हाडातील एक दाखला

नकलेवाचून ग्रंथाचे काय होते, हे पाहावयास आम्हांस आमच्या वऱ्हाडाबाहेर जाण्याचे कारण नाही. पुसदहून जवळच असलेले माहूर हे महानुभाव पंथाचे पूज्य स्थान आहे; आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभट नावाच्या विद्वानाने श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी एकत्र केल्या. ज्यांनी जे पाहिले व ऐकिले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पारखून त्याने ते लिहिले. तोच ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. परंतु पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे त्या पंथाची परंपरा सांगते. तेव्हा ज्यांनी ती पाठ केली होती त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहिली, आणि म्हणूनच तिचे निरनिराळे पाठ आढळतात. कागदावरची प्रत गेली, माणसांच्या अंतःकरणातील प्रत उरली.

त्यानंतर महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिण्यास आरंभ केला. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजावयाचे, म्हणजे किल्ली ज्यास ठाऊक त्यासच वाचता यावे, अशी ती रीत होती. त्यांनी हे पवित्र वस्तूच्या रक्षणासाठी केले, आणि त्यांच्या हातांनी कित्येक शतके त्या पोथ्या निष्ठेने उतरविल्या, ही गोष्ट आदरास पात्र आहे. पण तिचा दुसरा परिणामही झाला. मराठी भाषेचे हे धन मराठी लोकांपासून विसाव्या शतकापर्यंत बहुतांशी झाकलेले राहिले. पुढे महंतांनी मन मोकळे केले, अभ्यासकांनी लिपी उलगडली, आणि कवाडे उघडली. ह्या कार्यात आमच्या जिल्ह्याचाही वाटा आहे. यवतमाळचे डॉ. यशवंत खुशाल देशपांडे ह्यांनी जुन्या पोथ्यांचा शोध घेऊन १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. आज लीळाचरित्र कोणीही विकत घेऊन वाचू शकतो. ज्या वस्तूची प्रत होत नाही ती एका आगीने, एका लुटीने नष्ट होते. जिची प्रत होते ती विपुल होते. ‘कोपिया’चा अर्थ रिद्धपूरच्या पोथीने असा शिकविला आहे.

४. कित्ता : हात तयार व्हावा म्हणून

तिसरा शब्द ‘कित्ता’. हाही अरबीच. ‘कित्अ’ म्हणजे तुकडा. सुंदर अक्षर लिहिणारे उस्ताद नमुन्याचा एक तुकडा लिहून देत, त्यावरून हा शब्द निघाला. आपल्या आजोबांच्या काळी मूल प्रथम धूळपाटीवर बोटाने अक्षर काढी. मग गुरुजींनी घालून दिलेल्या कित्त्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवी. ह्यास गिरविणे म्हणतात. समर्थ रामदासांनी दासबोधात अक्षर कसे काढावे व पोथी कशी लिहावी ह्यासाठी एक समासच खर्ची घातला आहे, इतके ह्या कामाचे महत्त्व जुने लोक जाणत.

कित्ता व नक्कल ह्यांत भेद आहे. नकलेत कागद तयार होतो. कित्त्यात हात तयार होतो. गिरविलेल्या पाटीचे मोल काहीच नसते. ती लगेच पुसून टाकितात. मोल असते ते हाताला लागलेल्या वळणाचे. आणि कित्त्याचा शेवट असा असतो की, एके दिवशी तो बाजूस ठेवला जातो व मूल आपले नाव आपणच लिहिते.

आता पवित्र शास्त्राच्या अभ्यासकांनी एक गोष्ट पाहावी. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील एकविसाव्या वचनात, प्रभूने दुःख सोसून आपल्यासाठी जे उदाहरण ठेविले त्यास मूळ ग्रीकात ‘हुपोग्राम्मोस’ असा शब्द आहे. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘ग्राम्मा’ म्हणजे अक्षर. मुलांनी वरून हात फिरवावा म्हणून गुरूने खाली लिहून दिलेली अक्षरे. मराठी शास्त्राच्या भाषांतरकारांनी तेथे ‘कित्ता’ हाच शब्द घातला. ह्याहून अचूक शब्द कोणत्या भाषेत मिळाला असता, असे आम्हांस वाटत नाही. शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी मुलास तो हाताच्या बोटांनी कळतो.

परंतु कित्ता गिरविणे आणि नकला करणे ह्यांत गल्लत होऊ नये. जत्रेत नकला करणारा मनुष्य पाटलाची चाल, सावकाराचे खोकणे व साहेबाचे बोलणे हुबेहूब उठवितो आणि लोक पोट धरून हसतात. पण त्याने पाटलाची चाल घेतली म्हणजे त्यास पाटलाचा न्याय येत नाही. तो बाहेरचे घेतो, आतले घेत नाही. आमच्या ख्रिस्ती समाजातही एके काळी असे झाले की, कित्येकांनी साहेबाची टोपी व साहेबाचे नाव घेतले आणि तेवढ्यानेच आपण नवे झालो असे मानले. कविवर्य नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी निराळा मार्ग दाखविला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी इंग्रजी गीतांची केवळ चाल उचलून आणिली नाही. अभंग, ओवी व कीर्तन ह्या आपल्या घरच्या साधनांतून त्यांनी प्रभूची भक्ती गाइली. त्यांनी कित्ता गिरविला, नकला केल्या नाहीत. म्हणूनच त्यांची पदे आजही मंडळ्यांच्या मुखी आहेत.

आणि सर्व अनुकरण हलके आहे असेही कोणी समजू नये. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, शाळेत येऊन मराठी ऐकते आणि ऐकल्यासारखे बोलू पाहते. आरंभी ते चुकते, लोक हसतात, तरी ते बोलत राहते. आणि दोन वर्षांत दोन्ही भाषा त्याच्या होतात. दुसऱ्याचे पाहूनच माणूस शिकतो. सुतार, गवंडी, परिचारिका, शेतकरी, कोणीही असो, त्याने प्रथम कोणाच्या तरी हाताकडे पाहिलेले असते.

५. परीक्षेतील कॉपी

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. वर सांगितलेल्या तिन्ही शब्दांच्या कसोटीस परीक्षेतील कॉपी लावून पाहा.

पहिली कसोटी ‘कोपिया’ची, विपुलतेची. मुलाने चिठ्ठीवरून उत्तर उतरविले; तेणेकरून विद्या एकाची दोघांपाशी झाली काय? नाही. चिठ्ठी फेकून दिली आणि मुलगा पूर्वीइतकाच रिता राहिला. कोठार भरले नाही, केवळ त्याच्या दारावर ‘भरले’ असे लिहिले.

दुसरी कसोटी ‘नक्ल’ची, पोहोचविण्याची. पुस्तकातील मजकूर चिठ्ठीवर गेला, चिठ्ठीवरून उत्तरपत्रिकेवर गेला. पण जेथे जावयाचा होता तेथे, म्हणजे मुलाच्या डोक्यात, गेलाच नाही. ओझे भलत्याच घरी उतरले.

तिसरी कसोटी कित्त्याची. हात तयार झाला काय? नाही. उलट हातास चोरून लिहिण्याचे वळण लागले.

शिवाय कचेरीतील नक्कल आपले नाव लपवीत नाही. तिच्या माथ्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का असतो. अस्सल कोठे आहे हे ती उघड सांगते. परीक्षेतील कॉपी मात्र ‘मीच अस्सल आहे’ असे म्हणते. दोहोंतील भेद तो हा. उतरविणे हे पाप नव्हे. उतरविलेले आपले म्हणून खपविणे हे पाप होय. ती माउली पुन्हा भेटली तर आम्ही तिला एवढेच सांगू की, “बाई, कचेरीतली कॉपी खरं बोलते, शाळेतली खोटं बोलते.”

महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ सालापासून कायदा आहे. पुसदच्या शेजारी नांदेड जिल्ह्यात २०१० च्या सुमारास कॉपीमुक्तीची मोठी मोहीम झाली व तिचे नाव राज्यभर गाजले. पण कायदा व पहारा खिडकीपर्यंतच पोहोचतो. परीक्षेच्या दिवशी भिंतीवर चढून चिठ्ठ्या टाकणारे चुलते व मामा हे वैरी नसतात. त्यांचा त्या मुलावर जीव असतो. ‘आमच्यासारखे त्याचे होऊ नये’ ह्या कळकळीने ते चढतात. म्हणूनच केवळ धमकावून हे थांबत नाही.

येथे आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत परीक्षेच्या देखरेखीस होतो. मागच्या बाकावरचा एक गरीब मुलगा गुडघ्यावरच्या कागदाकडे पाहून लिहीत होता. आम्ही ते पाहिले व तोंड फिरविले. ‘बिचाऱ्याचे भले होईल’ असे मनाशी म्हटले. तो उत्तीर्ण झाला. काही वर्षांनी तो आमच्याकडे नोकरीचा अर्ज घेऊन आला. दहावी झालेल्या त्या तरुणास अर्जातील प्रश्न वाचून कळत नव्हते, आणि तो अर्ज आम्ही भरून द्यावा म्हणून तो उभा होता. त्याने आम्हांस दोष दिला नाही. आमचे उपकारच मानले. ती कृतज्ञता आम्हांस फार जड गेली. आमच्या दयेने त्याचे एक वर्ष वाचविले होते आणि विद्या घालविली होती.

६. काय करावे

आमच्या मंडळ्यांतील शिक्षकांनी, प्रचारकांनी व आईबापांनी ह्या गोष्टी करून पाहाव्या.

मुलांस उतरवून काढण्यास अवश्य लावावे. रोज पाटीवर किंवा वहीत दहा ओळी नीट अक्षरात उतरवाव्या. मग पुस्तक मिटून त्याच ओळी आठवून लिहाव्या. मग पुस्तक उघडून दोन्ही ताडून पाहाव्या आणि चूक आपली आपणच शोधावी. पहिल्याने नक्कल साधते, दुसऱ्याने कित्ता साधतो, आणि तिसऱ्याने एकनाथमहाराजांचे शोधन साधते.

दुसऱ्याच्या टिपणांची झेरॉक्स काढून आणिली म्हणजे अभ्यास झाला, हा भ्रम मुलांच्या मनातून काढावा. यंत्राने कागदाची प्रत झाली. डोक्याची प्रत अजून व्हावयाची आहे.

आईस किंवा बापास वाचता येत नसेल तर मुलाने शिकलेला धडा रोज संध्याकाळी त्यांस आपल्या बोलीत सांगावा. गोरमाटीत सांगावा, गोंडीत सांगावा, वऱ्हाडीत सांगावा. ज्यास आपल्या शब्दांत सांगता येते त्यास चिठ्ठीची गरज पडत नाही; आणि मुलाचे ज्ञान घरातील दोघांचे झाले म्हणजे खरी ‘कोपिया’ तेथे झाली.

अनुत्तीर्ण झालेल्या मुलास घरी टाकून बोलू नये. चिठ्ठीचे खरे मूळ भीती आहे. ज्या घरी खरे अपयश खपवून घेतात, त्या घरी खोटे यश आणण्याची पाळी मुलावर येत नाही.

आणि अखेरीस, वडील माणसांनी हे विसरू नये की मुले आपल्याकडे पाहून गिरवीत असतात. आपण कचेरीत खोटा दाखला जोडिला आणि घरी येऊन मुलास ‘कॉपी करू नकोस’ असे सांगितले, तर मुलगा आपले शब्द उतरवून घेणार नाही, आपले कृत्य उतरवून घेईल. कित्ता घालून देणारा हात आधी सरळ हवा.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. ‘कोपिया’, ‘नक्ल’ व ‘कित्ता’ ह्या तीन शब्दांचे मूळ अर्थ सांगा. प्रत्येकाचा एक दाखला आपल्या गावातून द्या.

२. एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीत आपली ओवी का घातली नाही?

३. १ जून ह्या जन्मतारखेच्या गोष्टीवरून अस्सल व नक्कल ह्यांविषयी काय शिकावयास मिळते?

४. कित्ता गिरविणारा व नकला करणारा ह्यांत भेद कोणता? आपल्या आचरणात आपण कोणते करीत आहो?

५. देखरेखीवरील शिक्षकाने तोंड फिरविले ती दया होती काय? आपण त्या जागी असता तर काय केले असते?